ब्रंचच्या दारातली नोकरी

"फोर अ‍ॅडल्ट्स अँड अ बेबी," बाई मला इंग्रजीत म्हणाल्या आणि मान वळवून नवऱ्याला मराठीत म्हणाल्या, "तिला धरू नकोस हं मोजताना. ती काही खात नाही."

मला मराठी येत नसणार, असं बहुतेक पाहुण्यांना वाटतं. काळा ड्रेस, घट्ट बांधलेले केस, छातीवर 'रिया' नावाची पट्टी आणि शाळेत घोटून घेतलेलं इंग्रजी. मी टॅबवर चार टाकले, बाळासाठी उंच खुर्चीची खूण केली आणि खरोखर किती माणसं आहेत ते बघायला सवयीने मान वर केली. 'ती' मागे लिफ्टच्या दाराजवळ उभी होती. कडेवर मुलगा, खांद्याला त्याची बॅग, अंगात इस्त्रीचा बदामी कुर्ता. आमच्या चाळीतली, आमच्याच मजल्यावरची कुंदामावशी.

तिने मला पाहिलं, मी तिला पाहिलं. मग ती मुलाच्या बुटाचा पट्टा नीट करायला लागली आणि मी म्हटलं, "धिस वे, प्लीज."

पुढचं सांगण्याआधी माझं काम सांगायला हवं, कारण ते आईलाही अजून नीट सांगता येत नाही. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की ती 'ऑफिसात असते' म्हणते. हॉटेल म्हटलं की लोक पुढचे प्रश्न विचारतात.

मी होस्टेस आहे. मी शिजवत नाही, वाढत नाही, ताटं उचलत नाही. मी दारात उभी राहते. कोण आलं, किती आले, कुठे बसवायचं, आणि ते निघाले की त्यांच्यासाठी लिफ्टचं बटण दाबायचं. ज्या जागेबद्दल मी लिहितेय ती लोअर परळच्या एका टॉवरच्या अगदी वर होती. रविवारी तिथे ब्रंच असायचा. ब्रंच म्हणजे नाश्ता आणि जेवण यांची सरमिसळ. तो दुपारभर चालतो. एका बाजूला अंड्यांचे प्रकार, मध्ये पाव आणि सॅलड, पलीकडे पास्ता, आणि गोडाचं टेबल वेगळं. माणशी एकच दर, मग कितीही खा. आमच्या घरी त्याच वेळी मटणाच्या रश्श्यावर झाकण ठेवून आई माझी वाट न बघता जेवून घ्यायची.

लोक येतात ते खाण्याइतकेच काचेसाठी. एका काचेतून वरळीचा समुद्र दिसायचा, ती टेबलं आधी जायची. दुसऱ्या काचेतून परळ-लालबागची छपरं, त्यापलीकडे शिवडीच्या गोद्या आणि खाडी. त्या बाजूच्या कोपऱ्यातल्या टेबलावरून निळी ताडपत्री घातलेलं एक लांबट छप्पर दिसायचं. ते आमच्या चाळीचं. एका पावसाळ्यात एका पाहुणीने मला विचारलं, खाली ते सगळं निळं निळं काय आहे? मी म्हटलं, ताडपत्री. "सो प्रिटी," ती म्हणाली. मी हो म्हटलं. वरून ते खरंच छान दिसतं.

कोणाला कुठे बसवायचं हे होस्टेस ठरवते, असा समज आहे. खरं तर ते येणाऱ्यांचे बूट ठरवतात. नीटनेटकी, हसरी, फोटोत बरी दिसणारी माणसं काचेजवळ, म्हणजे आत येणाऱ्याला आधी ती दिसतात. बाकीचे आत. हे कुठे लिहिलेलं नसतं. आमचे मॅनेजर रॉड्रिग्ज सर नुसते भुवईने सांगायचे. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला या धंद्याचा कायदा सांगितला, त्यांच्या बांद्र्याच्या मराठीत: "रिया, आपण सगळं बघायचं. पण आपण काय पाहिलेलं नसतं."

मला हा कायदा आवडला. मी लहानपणापासून कमी बोलते. शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून गप्प बसायचे, चाळीत मराठीत इंग्रजी शब्द येतात म्हणून मुलं हसायची, तिथेही गप्प. नातेवाईक म्हणाले, हिला लोकांसमोर उभं राहायचं काम कसं जमणार? पण या कामात वाक्यं ठरलेली असतात. आल्यावरचं एक आणि जाताना लिफ्टचं दार उघडलं की म्हणायचं एक: थँक यू फॉर कमिंग, होप टू सी यू अगेन. मधल्या वेळात फक्त बघायचं. लाजऱ्या माणसाला याहून चांगली नोकरी कुठे मिळणार?

आणि बघायला काय काय मिळायचं! गिरगावातल्या एका आजोबांना मुलगा-सून वाढदिवसाला घेऊन आले होते. आजोबा हातात ताटली घेऊन बुफेच्या सुरुवातीला उभेच राहिले. मागे रांग तुंबली. अशी गर्दी सोडवणं माझ्याकडे, म्हणून मी गेले.

"अरे, पण मीठ कुठे आहे?" ते मुलाला विचारत होते. "आधी मीठ. मग डावीकडे चटणी, कोशिंबीर. ह्यांच्या ताटाला डावी बाजूच नाही!"

"बाबा, इथे तसं नसतं. काहीही कुठेही घ्यायचं."

"काहीही कुठेही?" आजोबांच्या चेहऱ्यावर खरंच काळजी होती.

मी मीठ आणून दिलं. त्यांनी चिमूटभर वाढून घेतलं, लिंबाची फोड मागितली, वाटलेल्या छोल्यांच्या हमसला चटणीच्या जागी बसवलं, बीटच्या सॅलडला कोशिंबिरीच्या, आणि मधोमध भाताची मूद ठेवावी तसा पास्ता. मग निवांत जेवले. निघताना माझ्यापाशी थांबून मराठीत म्हणाले, "ताट नीट झालं हं, बाळ." मी इंग्रजीत म्हटलं, "थँक यू, सर." त्या दोन शब्दांनी माझा अजून पिच्छा सोडलेला नाही. मराठीत उत्तर द्यायला कुणी मना केलं नव्हतं. जमलं नाही, एवढंच.

दादरची एक मुलगी आठवते. कांदेपोह्यांचा कार्यक्रम हल्ली ब्रंचवर होतो. मुलगा-मुलगी काचेजवळ, आणि दोन्हीकडचे आई-वडील आतल्या टेबलांवर, एकमेकांना ओळखत नसल्यासारखे. मुलगा बोलत होता, मुलीचं ऑम्लेट गार होत होतं. वॉशरूम विचारायचं निमित्त करून ती माझ्याकडे आली. "तुमच्याकडे टेबल सोडायची वेळ असते ना?" हळूच म्हणाली. "आमची झाली म्हणून सांगा ना, प्लीज." वेळ झाली नव्हती आणि पुढचं बुकिंगही नव्हतं. तरी मी जाऊन अत्यंत नम्रपणे त्यांचं टेबल सोडवून घेतलं. काही महिन्यांनी तीच मुलगी दुसऱ्या एका मुलाबरोबर आली आणि माझ्याजवळून जाताना म्हणाली, "आज वेळ झाली तरी सांगू नका."

हे सगळे मोजलेले पाहुणे. न मोजलेले खांबामागे बसायचे.

मुलांच्या खेळण्याच्या कोपऱ्याशेजारी एक जाड खांब होता आणि त्यामागे एक बाकडं. पाहुण्यांच्या मुलांना सांभाळायला आलेल्या बाया तिथे बसायच्या. माणशी दर असल्यामुळे त्यांचं ताट लावायचं की नाही हा प्रश्न दारातच यायचा. काही लोक न विचारताच त्यांना धरायचे, काही टेबलावर शेजारी बसवायचे. बरेच जण धरायचे नाहीत. न धरलेल्या बायकांना टॅबवर जागा नव्हती, पण मी त्या मनात मोजायचे. उद्या आग लागली तर वर किती माणसं आहेत हे दारातल्या माणसाला ठाऊक हवं. आगीला दर माहीत नसतो.

कुंदामावशीचं आणि माझं नातं सांगते. माझे वडील लवकर गेले. आई एका दुकानात हिशेबाला जायची. मी तेव्हा फ्रॉकमध्ये होते. सकाळपासून आई येईपर्यंत मी मावशीच्या खोलीत. ती शाळेच्या गेटपर्यंत हात धरून न्यायची, आणतानाही तीच. दप्तरावरचं माझं इंग्रजी नाव तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने बक्कलाला लाल दोरा बांधला होता. तेव्हा ती मला पैशासाठी सांभाळत नव्हती. पुढे मुलगा वेगळा राहायला गेला आणि ती मुलं सांभाळायच्या नोकऱ्या करायला लागली. हल्ली ती शीवला जुळ्यांकडे जाते. तेव्हा ब्रंचला आलेल्या त्या बाईंच्या मुलाकडे, विवानकडे जायची.

त्या पहिल्या रविवारनंतर सोमवारी माझी सुट्टी होती. सकाळी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"रिया कोण गो?" तिने वळूनही न बघता विचारलं.

"सरांनी ठेवलंय. ऋजुता कोणाला म्हणता येत नाही."

"तुझ्या आजीला एकपण दात नव्हता. तिला बरं म्हणता यायचं."

मी हसले. मग म्हटलं, "मावशी, काल मी बोलले नाही तुझ्याशी—"

"बोलायचं नसतंच," ती चिमटा लावत म्हणाली. "तू कामावर, मी कामावर. तू ओळख दाखवलीस तर त्या बाईला वाटणार, ही हयसर गप्पा मारूक येता. आणि तुझ्या सायबाला वाटणार, ही चाळीतल्या बायांना आत घेते. आपलं तोंड बंद, दोघींची नोकरी चालू."

म्हणजे तिच्या धंद्याचाही तोच कायदा होता.

पुढच्या प्रत्येक ब्रंचला आम्ही तो पाळला. एकदाच मी मोडायला गेले. आमचं स्टाफचं जेवण वेगळं असतं, डाळ-भात आणि एखादी उसळ. त्यातलं एक ताट घेऊन मी खांबामागे गेले. तिने माझ्याकडे न बघता, मुलाच्या हातातला ठोकळा काढून घेत हळू आवाजात सांगितलं, "नको. डबो खावन इलंय." ती डबा खाऊन आली होती म्हणे; मी ताट परत आणलं. घरी मी तिला म्हटलं, एवढा कसला ताठा? ती म्हणाली, "ताठा नाय गो. त्या पोरासमोर एक दिवस कोणी मला वाढलं आणि दुसऱ्या दिवशी नाय वाढलं, तर तो विचारील का म्हणून. काय सांगू त्याला?"

तिने सांभाळलेल्या मुलांबद्दल मी तिला एकदा विचारलं होतं, कोणी भेटायला येतं का? "नाय. इसारतात. लहानपणीचं कोणाला आठवतं? इसारली म्हणजे बरी वाढली," असं म्हणून तिने विषय संपवला. मी समोरच बसले होते.

तो शेवटचा रविवार पावसाळा नुकताच संपल्यावरचा. आकाश धुतल्यासारखं होतं, काचेजवळच्या टेबलांसाठी दारात वाद होत होते. विवानचे आई-बाबा मित्रांबरोबर आले होते. जेवण रंगात असताना बाबा फोन कानाला लावून, विवानला काखेत घेऊन बाहेर आले. लिफ्टसमोरची ती मोकळी जागा म्हणजे माझी हद्द. मागोमाग मावशी दुधाची बाटली घेऊन आली. बाबांनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "जा, बाटली धुऊन आण. मी आहे इथे."

मी हे ऐकलं. माझ्या हाताच्या अंतरावर ते बोलले.

मावशी गेली. विवान खाली उतरून माझ्या स्टँडजवळच्या पितळी खांबाचा दोर ओढायला लागला. मग मोठा घोळका आला आणि मी त्यांना टेबलापर्यंत सोडायला आत गेले. परत आले तेव्हा बाबा काचेकडे तोंड करून बोलतच होते आणि लिफ्टचं दार मिटत होतं. मला वाटलं, मावशी येऊन मुलाला आत घेऊन गेली.

पण मावशी माझ्यानंतर आली, हातात ओली बाटली घेऊन. तिने ना बाबांकडे बघितलं ना माझ्याकडे. तिने खाली, आमच्या गुडघ्यांच्या आसपास बघितलं, तेवढ्या उंचीचं मूल जिथे असतं तिथे.

"सायेब, विवान?"

बाबा वळले. मी इंटरकॉम उचलला होता.

खाली जाणाऱ्या पाहुण्यांबरोबर तो लिफ्टमध्ये शिरला होता. त्यांना वाटलं, मागून कोणी येतंय. खाली सिक्युरिटीवाल्याने त्याला टेबलावर बसवून बिस्किट दिलं होतं. तो वर आला तेव्हा अगदी मजेत होता. पण लिफ्ट खाली जाऊन परत येईपर्यंत मावशीने बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवली होती आणि तिचा कुर्ता ओला झाला होता.

तोवर विवानची आई धावत आली होती. तिने मुलाला इतकं घट्ट धरलं की तो रडायलाच लागला. मग तिने विचारलं, "कोणाजवळ होता हा?"

"मी हिच्याकडे दिला होता," बाबा म्हणाले. "फोन आला म्हणून. हिलाच विचार."

ते इतक्या पटकन म्हणाले की त्यांना स्वतःलाही ते खोटं वाटलं नसावं. मी आजही त्यांना दुष्ट समजत नाही. घाबरलेल्या माणसाने जवळची वस्तू पुढे करावी तशी त्यांनी मावशीला पुढे केली.

मावशी म्हणाली, "सायबांनी बाटली धुवायला—"

"म्हणजे त्याला सोडून गेलीस!" बाईंचा आवाज फुटला. आतल्या टेबलांवरच्या माना वळल्या. "ना कुठली एजन्सी, ना कोणाची ओळख. तुझ्याबद्दल सांगणारं एक माणूस नव्हतं, तरी ठेवलं तुला. विश्वासाने मूल दिलं."

दुसरं वाक्य बोलून काही होत नाही हे मावशीला माझ्याहून जास्त माहीत होतं. घरभाडं, औषधं, सगळं तिच्या त्या नोकरीवर होतं, हे मला माहीत होतं. बाई डोळे पुसून म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका तुम्ही." मावशीला त्या पहिल्यांदाच अहो-जाहो करत होत्या.

रॉड्रिग्ज सर आले, बाईंना सॉरी म्हणाले, बिलाचं बघून घेतो म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दारात होते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली: नाही. मी मावशीकडे बघितलं. तिने मुलाची बॅग खांद्यावरून उतरवून बाबांच्या हातात दिली, कपडे कुठल्या कप्प्यात आणि औषध कुठल्या, ते हळूच सांगितलं. मग एकदाच माझ्याकडे बघितलं आणि तशीच मान हलवली. अगदी तेवढीच.

आता मी गिरगाव चौपाटीसमोरच्या एका लहानशा जागेत काम करते. पट्टीवर माझं खरं नाव आहे. तिथल्या मुलाखतीत शेवटी मला विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? मी विचारलं, मुलांबरोबर येणाऱ्या बायांना तुम्ही कुठे बसवता? हे सगळं नंतरचं. तेव्हा मी फक्त लिफ्टचं बटण दाबलं, कारण पाहुणे निघाले होते आणि ते माझं काम होतं.

लिफ्ट आली. दार उघडलं. बाई मुलाला घेऊन आत गेल्या, बाबा बॅग घेऊन मागोमाग. मावशी त्यांच्याबरोबर जायचं की पुढच्या लिफ्टने, हे न कळून बाहेरच थांबली. दार उघडलं की मी म्हणायचं वाक्य ठरलेलं होतं, आणि तोंड सवयीने उघडलंही होतं. मी दाराला हात लावून ते धरून ठेवलं.

"मॅडम, बाळ सरांकडे होतं," मी मराठीत म्हटलं. "बाटली धुवायला त्यांनीच पाठवलं, मी इथेच उभी होते. आणि हिच्याबद्दल सांगणारं माणूस हवं असेल, तर मी आहे. मला लहानपणी हिनेच सांभाळलंय."